व्यायामानंतर स्नायूच्या पेशीत काय घडतं, आणि त्याला किती वेळ लागतो

प्रश्न थोडक्यात असा: वय ४५, तीन महिन्यांपासून आठवड्यातून तीनदा धावणं आणि दोनदा जिममध्ये वजनं. सुरुवातीला दोन किलोमीटरमध्ये धाप लागायची, आता सहा-सात आरामात होतात. हा बदल शरीरात नेमका कुठे झाला? धावणं आणि वजनं एकमेकांच्या मुळावर येतात का? व्यायामानंतर बर्फाच्या पाण्यात बसावं का, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घ्याव्यात का, जनुक-चाचणी करून घ्यावी का? आणि ७२ वर्षांच्या मधुमेही वडिलांनाही चालायला लावायचं आहे, तर काय काळजी घ्यावी?

मी व्यायाम-शरीरक्रियाशास्त्रात बरीच वर्षं काम करते आहे. आधी प्रयोगशाळेत स्नायूंचे नमुने तपासायचे, आता मुख्यतः धावणाऱ्यांना आणि मधुमेहींना व्यायाम आखून देते. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे वेळ. धावताना पेशीत काही गोष्टी सेकंदांत हलतात, काही तासांत, काही आठवड्यांत, तर काही आयुष्यभरात फारशा हलतच नाहीत. कुठल्या गोष्टीला किती वेळ लागतो हे रेणवीय जीवशास्त्राने दाखवून दिलं, आणि व्यायाम आखताना मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

आधी धाप कमी कशामुळे झाली ते पाहू. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या सुधारणेचं बरंचसं श्रेय रक्ताचं. रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच वाढतो आणि हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं. पण तीन महिन्यांनी तुम्ही बोलत-बोलत सहा किलोमीटर धावता, त्यात मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन हॉलोझी यांनी उंदरांना कित्येक आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि १९६७ मध्ये निष्कर्ष छापले. पळालेल्या उंदरांच्या स्नायूंत मायटोकाँड्रियाचं (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या भट्ट्यांचं) प्रथिन सुमारे ६० टक्क्यांनी वाढलं होतं आणि ऑक्सिजन वापरून इंधन जाळण्याची क्षमता दुपटीवर गेली होती. दमसास म्हणजे मुख्यतः हृदय आणि फुफ्फुसं, ही समजूत त्यानंतर टिकली नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी स्टॉकहोममध्ये योनास बेर्गस्ट्रम आणि एरिक हुल्टमन यांनी केलेला प्रयोग मला आजही अतिशय देखणा वाटतो. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने, अगदी थकून जाईपर्यंत पेडल मारलं. दुसरा पाय स्वस्थ. मग तीन दिवस भरपूर कर्बोदकं असलेलं जेवण. दोन्ही पायांच्या स्नायूंचे तुकडे तपासले तेव्हा दमलेल्या पायात ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, साठा दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला होता. रक्त तेच, हार्मोन्स तीच, जेवण तेच, तरी फरक एकाच पायात. म्हणजे निर्णय त्या स्नायूच्या आतच होतो. पुढच्या ६० वर्षांचं संशोधन हा निर्णय कसा होतो, ते शोधण्यातच गेलं.

हे तुकडे काढतात कसे, असं बरेच जण विचारतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर करून ब्लेडने छोटीशी चीर देतात आणि तिच्यातून पोकळ सुई स्नायूत घालतात. सुईला एका बाजूला खिडकी असते. स्नायू त्या खिडकीत शिरला की आतली धारदार नळी सरकवायची, तुकडा कापला जातो. त्या क्षणी खोलवर दाब आणि पेटका आल्यासारखं वाटतं, मग संपतं. हाती येतो जेमतेम ५० ते २०० मिलीग्रॅमचा तुकडा, आणि तो काही सेकंदांत उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गेलाच पाहिजे. ही घाई हवीच, कारण आपल्याला ज्या खुणा पाहायच्या असतात, म्हणजे प्रथिनांवर चिकटलेले फॉस्फेटचे गट, त्या बघता बघता पुसल्या जातात. उशिरा गोठवलेला नमुना खोटं सांगतो.

त्या खुणा काय सांगतात? स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी, म्हणजे पेशीचं तयार इंधन, खर्चून, आणि एटीपीचा साठा काही सेकंद पुरेल एवढाच असतो. तो सतत भरून काढावा लागतो. भरणा कमी पडायला लागला की पेशी दोन एडीपी (एटीपी खर्चल्यावर उरणारे रेणू) जोडून एक एटीपी बनवते आणि त्यात एएमपी उरतं. एटीपी किंचित घटलं तरी एएमपी कित्येक पटींनी वाढतं, त्यामुळे टंचाईची ती फार संवेदनशील खूण ठरते. एएमपीके नावाचं विकर (पेशीतल्या क्रिया घडवणारं प्रथिन) नेमकं हेच टिपतं. त्याच्या एका भागाला ग्लायकोजेन चिकटतं, त्यामुळे साठा किती उरलाय हेही त्याला कळतं. शिवाय प्रत्येक आकुंचनाला पेशीत कॅल्शियम सुटतं आणि त्यावर चालणारी विकरं वेगळी जागी होतात. तुम्ही धावायला लागल्यापासून काही मिनिटांत हे सगळं सुरू झालेलं असतं.

हे संकेत केंद्रकापर्यंत पोहोचवणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध प्रथिन म्हणजे पीजीसी-वन-अल्फा. १९९८ मध्ये पेरे पुइगसर्व्हर आणि ब्रूस स्पीगलमन यांना ते सापडलं थंडीत ठेवलेल्या उंदरांच्या तपकिरी चरबीत; व्यायामाचा तिथे संबंधही नव्हता. २००२ मध्ये दिसलं की स्नायूत ते जास्त तयार होईल असे उंदीर बनवले तर त्यांचे स्नायू लालसर होतात आणि सहज थकत नाहीत. तेव्हापासून त्याला ‘मुख्य स्विच’ म्हणायची पद्धत पडली. मला ती पटत नाही. स्नायूतून हे प्रथिन काढून टाकलेले उंदीरही पळवल्यावर बऱ्यापैकी जुळवून घेतात. पेशी एवढं महत्त्वाचं काम एकाच रेणूवर सोपवत नाही, आणि एकाच रेणूवर बोट ठेवून पूरक गोळी विकणाऱ्याकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावं.

आता खरी उपयोगाची गोष्ट. २०१० मध्ये कॅनडात झालेल्या अभ्यासात तरुणांना दोन आठवड्यांत एक दिवसाआड जोरदार सायकलिंगची सात सत्रं दिली आणि वेळोवेळी स्नायूचे नमुने घेतले. पहिल्या सत्रानंतर चार तासांनी पीजीसी-वन-अल्फाचा संदेशवाहक आरएनए (जनुकाची ती तात्पुरती प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) दहापटीहून जास्त वाढलेला होता. चोवीस तासांत तो पुन्हा मूळ पातळीवर. पुढच्या सत्रानंतर पुन्हा उसळी, पुन्हा उतरंड. पण मायटोकाँड्रियातली प्रथिनं तशी खाली येत नव्हती, ती सत्रागणिक थोडी थोडी चढत गेली.

गळक्या पिंपात रोज बादलीभर पाणी ओतावं तसं हे आहे. संदेश म्हणजे बादली, काही तासांत रिकामी. प्रथिन म्हणजे पिंपातलं पाणी, जे गळतं पण सावकाश. मायटोकाँड्रियाच्या बऱ्याच प्रथिनांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं प्रथिन नाहीसं व्हायला लागणारा वेळ, साधारण आठवड्याभराचं असतं, म्हणून ओतणं आणि गळणं यांचा मेळ बसून नवी पातळी स्थिर व्हायला चार-पाच आठवडे लागतात. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. पहिला महिना ‘फारसा फरक नाही’ असं वाटतं, आणि मग एक दिवस चढ चढून गेल्यावर लक्षात येतं की थांबावं लागलं नाही.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या मी प्रत्येकाला सांगते. एक, रविवारी एकदाच पंधरा किलोमीटर मारून आठवडाभर बसण्यापेक्षा तेच अंतर तीन-चार दिवसांत वाटलेलं स्नायूला जास्त मानवतं. दुसरी, पावसात किंवा लग्नसराईत चार दिवस बुडाले तर घाबरायचं कारण नाही, पण तीन आठवडे बुडाले तर परत येताना आधीच्या वेगाचा हट्ट धरायचा नाही. पातळी खरोखरच खाली आलेली असते.

वजनं उचलताना गाडी वेगळ्या रुळावरून जाते. इथे कळीचं केंद्र आहे एमटॉर, पेशीत प्रथिनांचं बांधकाम सुरू करणारं विकर. त्याचं नाव ज्या औषधावरून पडलं ते रॅपामायसिन ईस्टर बेटावरच्या, म्हणजे रापा नुईच्या मातीतल्या जिवाणूंपासून मिळालं. अवयव प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून ते देतात. २००९ मध्ये स्वयंसेवकांना वजनं उचलण्याआधी हे औषध दिलं, तेव्हा व्यायामानंतरच्या पहिल्या दोन तासांत प्रथिननिर्मितीत होणारी वाढ झालीच नाही. माणसाच्या स्नायूत एमटॉर किती निर्णायक आहे याचा तो थेट पुरावा. स्नायूवरचा ताण त्याला जागा करतो, आणि जेवणातलं ल्यूसिन हे अमिनो आम्लही. म्हणून दिवसभर वजनं उचलून रात्री नुसता वरण-भात खाणाऱ्याला मी सांगते, प्रत्येक जेवणात दही, पनीर, सोयाबीन, अंडी, मासे, जे चालत असेल ते ठळकपणे दिसलं पाहिजे. नवख्या माणसात एका सत्रानंतर प्रथिननिर्मिती ४८ तासांपर्यंत वाढलेली राहते, त्यामुळे ‘अर्ध्या तासात शेक प्यायलाच हवा’ या धावपळीला फारसा अर्थ नाही.

मग धावणं याच्या आड येतं का? ही भीती रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या अभ्यासातून आली. तीन गट: फक्त ताकदीचा व्यायाम, फक्त दमसासाचा, आणि दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत फक्त ताकदीच्या गटासारखीच वाढली, मग अडली आणि शेवटी थोडी घसरली. पुढे एएमपीके एमटॉरला दाबतं हे कळलं आणि चित्र पूर्ण झाल्यासारखं वाटलं: टंचाईचा संकेत आला की बांधकाम बंद. पेशीच्या पातळीवर ते खरंही आहे. पण हिक्सन यांचा गट आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमसासाचा व्यायाम करत होता, हे सांगायचं राहून जातं. शिवाय धावल्यानंतर एएमपीकेचा जोर काही तासांत ओसरतो, तर वजनांनी सुरू झालेली निर्मिती दीड-दोन दिवस चालते. त्यानंतरचे अभ्यास एकत्र पाहिले तर दोन्ही केल्याने स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद अडत नाही असंच दिसतं. थोडा फटका बसतो तो स्फोटक ताकदीला, म्हणजे उडी, झेप, झटका यांना. तुम्ही लांब उडीच्या स्पर्धेत उतरणार नसाल तर तीन दिवस धावणं आणि दोन दिवस वजनं हा उत्तम मेळ आहे. एकाच दिवशी दोन्ही आले तर मध्ये काही तास जाऊ द्या. तेही जमलं नाही तर वजनं आधी, धावणं नंतर.

बर्फाचं पाणी, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि वेदनाशामकं या तिन्हींबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. व्यायामाने पेशीत जी उलथापालथ होते, सूज, मुक्त मूलकं (ऑक्सिजन वापरताना तयार होणारे अतिक्रियाशील रेणू), टंचाई, तिच्याकडे आपण नुकसान म्हणून पाहतो आणि ती लवकर शमवायला धावतो. पण जुळवून घ्यायचा हुकूम तिच्यातूनच निघतो. २०१५ च्या एका अभ्यासात १२ आठवडे वजनं उचलणाऱ्यांपैकी एका गटाला प्रत्येक सत्रानंतर दहा मिनिटं दहा अंशांच्या पाण्यात बसवलं. त्यांचे स्नायू आणि ताकद दोन्ही कमी वाढली, आणि नमुन्यांत एमटॉरच्या पुढचे संकेतही मंद दिसले. धावण्याच्या बाबतीत असं नुकसान दिसत नाही. त्यामुळे लागोपाठ दोन दिवस स्पर्धा असेल तर टबात जरूर बसा. जिमच्या दिवशी नको.

व्हिटॅमिनचंही तसंच. जर्मनीतल्या २००९ च्या अभ्यासात रोज एक ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांना व्यायामाने होणारा इन्शुलिन-संवेदनशीलतेचा (पेशींनी इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देण्याचा) फायदा मिळाला नाही. न घेणाऱ्यांना मिळाला. नॉर्वेत नंतर झालेल्या चाचणीत गोळ्या घेणाऱ्यांचा दमसास इतरांइतकाच सुधारला, पण स्नायूतल्या मायटोकाँड्रियाच्या खुणा वाढल्या नाहीत. पुरावा एकतर्फी नाही, पण फायद्याच्या बाजूने तर अजिबात नाही. हे सगळं मोठ्या मात्रेच्या गोळ्यांबद्दल आहे. पेरू, आवळा, लिंबू खुशाल खा.

आयबुप्रोफेनची गोष्ट जास्त गंभीर, कारण धावणारे ती गोळी खिशात घेऊन फिरतात. २०१८ मध्ये स्वीडनमधल्या वजनं उचलणाऱ्या तरुणांना आठ आठवडे रोज १२०० मिलीग्रॅम आयबुप्रोफेन दिलं. मांडीच्या स्नायूंची वाढ तुलनेच्या गटाच्या जवळपास निम्मीच झाली. साठीपुढच्या लोकांवरच्या आधीच्या एका अभ्यासात मात्र उलट निकाल आला होता, बहुधा त्यांच्या शरीरात मुळात सूज जास्त असते म्हणून. तुमच्या वयाला मी सांगेन: दुखापत झाली आणि डॉक्टरांनी दिली तर घ्या, पण व्यायामानंतरच्या साध्या अंगदुखीसाठी रोज नको. लांब धावताना, विशेषतः उन्हात, मूत्रपिंडाला त्रास होण्याची भीती वेगळीच.

आता तुम्ही न विचारलेली, पण तुमच्या वयाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट: घोट्यामागचा जाड कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार) झपाट्याने वाढला, मग उतरत गेला. त्या काळातल्या लोकांच्या ऊतींत तो नोंदवला गेला. एखादी ऊती सतत नवी होत असेल तर तिच्यात आजच्या हवेइतका कार्बन-१४ सापडेल. तिचं नूतनीकरण थांबलं असेल तर तिच्यात जुन्या वर्षांची पातळी तशीच राहील. डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये या युक्तीने टाचेचे कंडरे तपासले. गाभ्यातलं कोलॅजन (कंडऱ्याला बळकटी देणारं तंतुमय प्रथिन) साधारण १७ व्या वर्षापर्यंतचं होतं, त्यानंतर जवळपास बदललेलंच नव्हतं. त्याच माणसांच्या स्नायूंत मात्र सतत नवी भर पडत होती.

म्हणजे तुमचे स्नायू तीन महिन्यांत बदलले, पण ज्या दोराने ते टाचेला बांधलेत त्याचा गाभा तुमच्या कॉलेजच्या दिवसांतला आहे. कंडरा बाहेरच्या थरात आणि ताठपणात जुळवून घेतो, पण महिन्यांच्या गतीने. चाळिशीत धावायला लागलेल्यांची टाच किंवा पोटरी नेमकी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुरकुरायला लागते, याचं मला दिसणारं सर्वांत मोठं कारण हेच. दम आला, उत्साह आला, अंतर वाढलं, आणि कंडरा मागे राहिला. तुम्ही आत्ता बरोबर त्या टप्प्यावर आहात. पुढचे दोन महिने अंतर हळू वाढवा, वेग त्याहून हळू. जिममध्ये पोटरीचे व्यायाम वजन घेऊन, सावकाश करा. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागे ताठरपणा जाणवला तर त्या दिवशी धावू नका.

जनुक-चाचणीवर पैसे घालवू नका. हेरिटेज नावाच्या मोठ्या अमेरिकी-कॅनडियन अभ्यासात कुटुंबंच्या कुटुंबं २० आठवडे सारखाच व्यायाम करत होती. काहींची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मिनिटाला सुमारे एक लिटरने वाढली, काहींची जेमतेम हलली, आणि या फरकातला जवळपास निम्मा भाग कुटुंबाशी जोडलेला निघाला. वारसा आहेच. पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे, आणि बाजारातल्या चाचण्या त्यातली मूठभर पाहतात. २०१५ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन म्हटलं की खेळाडू निवडायला किंवा व्यायाम ठरवायला या चाचण्यांचा उपयोग नाही. आणि ‘माझ्या अंगाला व्यायाम लागतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी २०१७ चा एक निकाल: आठवड्यातून एक ते तीन तासांच्या सायकलिंगने ज्यांच्यात काहीच सुधारणा झाली नाही, त्यांना आठवड्याला आणखी दोन सत्रं दिली, आणि सगळ्यांमध्ये सुधारणा दिसली.

वडिलांबद्दल. रक्तातली साखर स्नायूत शिरते ती ग्लुट-फोर नावाच्या वाहक प्रथिनातून. एरवी ते पेशीच्या आत असतं आणि इन्शुलिनच्या हुकुमाने पृष्ठभागावर येतं. मधुमेहात हा हुकूम नीट पोहोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावला की ग्लुट-फोर इन्शुलिनशिवायही वर येतं, आणि हा मार्ग मधुमेहातही शाबूत असतो. त्यामुळे जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणंसुद्धा गोळीसारखं काम करतं. त्याहून सावकाश चालणारा परिणाम म्हणजे व्यायाम केलेल्या स्नायूची इन्शुलिन-संवेदनशीलता एक-दोन दिवस वाढलेली राहते, मग उतरते. मधुमेहींनी लागोपाठ दोन दिवस व्यायाम चुकवू नये असं सांगतात ते यामुळेच.

तुमच्यासाठीही हे लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या अंगातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि वडिलांना मधुमेह असेल तर वजनकाट्यावर विसंबू नका. जिमचे ते दोन दिवस तुमच्यासाठी धावण्याइतकेच मोलाचे आहेत, कारण साखर साठवायला जागा स्नायूतच आहे.

वडील मेटफॉर्मिन घेत असतील आणि ‘ते व्यायामाचा फायदा कमी करतं’ असं कुठे वाचलं असेल, तर ज्या चाचणीवरून तसं म्हणतात ती मधुमेह नसलेल्या वयस्कांवर झालेली आहे. गोळी बंद करायची नाही. ते ग्लिमेपिराइडसारखी इन्शुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्शुलिन घेत असतील तर चालणं सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करावी लागू शकते. संवेदनशीलता तासन्‌तास वाढलेली राहत असल्याने साखर चालताना न उतरता मध्यरात्री उतरू शकते. संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त चालणं झालं तर झोपण्यापूर्वी साखर तपासा, खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या, चपलेऐवजी बूट घालू द्या, आणि पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर रोज रात्री तळवे तुम्ही स्वतः बघा.